मामाच्या पायाला हात

"एवढं करता तुम्ही, आणि तेही मामाचं!" असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. त्या 'तेही'मध्ये सगळं आलं. बापाचं केलं असतं तर ते कर्तव्य झालं असतं, सासऱ्याचं केलं असतं तर संस्कार, आणि नवऱ्याचं केलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. मामाचं करते म्हटल्यावर लोकांना वाटतं, यात काहीतरी गोम आहे. एक शेजारीण तर चहाचा कप खाली ठेवता ठेवता म्हणाली, "मामाची जमीन-गिमीन आहे काय वो?" मी म्हटलं, "आहे ना. अख्खा तलाव आहे. उचलून आणता येत नाही म्हणून तिकडंच ठेवला." तिला ते खरंच वाटलं. "मंग बरोबर आहे," म्हणाली आणि समाधानाने घरी गेली.

तलाव मामाचा नव्हता, मामा तलावाचा होता. आम्ही ढिवर. मामाचं गाव कारध्याच्या पुढे, तलावाच्या काठाला. तरुणपणापासून मामा छातीभर पाण्यात उभा राहून सिंगाडे तोडायचा, जाळं टाकायचा, मरळ धरायचा. त्याचा डावा पाय सुजला तो मी शाळकरी होते तेव्हा. आधी घोट्यापाशी, मग पोटरीत, मग गुडघ्यापर्यंत. हत्तीपाय. आमच्या जिल्ह्यात हा पाय नवा नाही; बाजारात, एसटीत, लग्नाच्या पंगतीत तो दिसतो आणि लोक नजर दुसरीकडे वळवतात. मामाचा पाय शेवटी इतका झाला की धोतराच्या खाली दुसऱ्या कोणा माणसाचा पाय उसना आणल्यासारखा दिसायचा.

मामी होती तोवर तो पाय मामीचा होता. रोज सकाळी परसात बसून ती तो धुवायची, कातडीच्या वळ्यांमधून कपडा फिरवायची, बोटांच्या मधली जागा कोरडी करायची. कोणी तिला 'तुम्हाला प्रेरणा कुठून मिळते' असं विचारलं नाही. ती एका पावसाळ्यात चार दिवसांच्या तापाने गेली आणि मागे तो पाय राहिला.

मामेभाऊ पुण्याला कंपनीत. तेराव्यानंतर त्याने मामाला सोबत नेलं. मामा तिथे तिसऱ्या मजल्यावर महिनाभर कसाबसा टिकला आणि परत आला. का आलात म्हटलं तर म्हणाला, "तिथं पाणी भिंतीतून येते अन् भिंतीतच जाते. दिसतच नाही." जिल्हा फुटून गोंदिया वेगळं झालं तेव्हा मी शिकवते ती शाळा भंडाऱ्याकडे राहिली होती, म्हणून आम्ही शहरातच घर बांधलं होतं. एक खोली रिकामी होती. मामा थोडे दिवस म्हणून आमच्याकडे आला. थोडे दिवस हा शब्द ज्याने काढला त्याला माझा नमस्कार.

आता इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. आमच्या झाडीपट्टीत भाचा-भाची म्हणजे देव. मामा भाचीच्या पाया पडतो, भाची मामाच्या नाही. पुण्याकडच्या माणसांना हे सांगितलं की त्यांना वाटतं, बाई बोलण्यात उलटसुलट करते आहे. पण खरंच असं आहे. लहानपणी उन्हाळ्यात मामाच्या गावी गेले की एसटीतून उतरल्या उतरल्या मिशीवाला, घामाने भिजलेला मामा वाकून माझ्या धुळीच्या पायांना हात लावायचा आणि मी लाजून आईच्या पदरामागे जायचे. खेळता खेळता माझा हात त्याच्या पायाला लागला तर तो चटका बसल्यासारखा पाय मागे घ्यायचा आणि लगेच मला हात जोडायचा. "पाप लागते," म्हणायचे सगळे. एवढंच. पाप लागते. कोणाला लागते, ते कोणी सांगत नसे, आणि आम्ही विचारत नसू. मी आपली धरून चालले होते की ज्याने हात लावला त्याला.

तर मामा घरी आला आणि पाय स्वतःच धुतो म्हणाला. न्हाणीचं दार आतून लावून घ्यायचा. आतून पाण्याचा आवाज यायचा, मग मामा ओला टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर यायचा. मी शाळेच्या घाईत, मला वाटलं, चाललंय. खरं म्हणजे त्याचा हात गुडघ्याच्या खाली पोचतच नव्हता. तो नुसता वरून तांब्या ओतायचा.

दोन महिन्यांनी त्याला थंडी वाजून ताप भरला. दोन गोधड्या घालूनही खाट हलत होती. पाय लाल, तापलेला, हात लावू देईना. "जांघेत अवधान आलं," मामा कण्हत म्हणाला. आम्ही वर्गात 'अवधान द्या' म्हणतो ते अवधान नव्हे. आमच्याकडे जांघेत गाठ येते तिला अवधान म्हणतात. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पायाचं बोट बाजूला करून मला दाखवलं. बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होऊन फाटली होती, पाणी झिरपत होतं.

"हा पाय आता पहिल्यासारखा होणार नाही," त्या म्हणाल्या. "पण ताप येणार की नाही, हे तुमच्या हातात आहे. रोज साबणाने धुवायचा, बेचक्या कोरड्या करायच्या, मलम लावायचं. प्रत्येक तापाला हा पाय अजून जड होतो. असंच चालू राहिलं तर बाबा उभे राहू शकणार नाहीत. पू वर चढला तर जीवावर बेतेल. धुणं हेच औषध समजा."

तुमच्या हातात. बाई सहज बोलून गेल्या. त्यांना काय माहीत की आमच्या घरातला कोणताच हात त्या पायाला चालत नव्हता.

ती रात्र कशीबशी गेली आणि दुसऱ्या सकाळी मी घमेलं, साबण, मऊ कपडा घेऊन मामासमोर बसले. मामाने पाय खाटेवर घेतला आणि चादरीखाली लपवला.

"तू नोको."

"मंग कोण?"

याचं उत्तर शोधायला आम्ही आठवडा घालवला. मी भाची, मी बाद. माझा नवरा म्हणजे भाचजवाई. त्याला तर मामा भाचीच्याही वर मानायचा, तो समोर आला की तापातही उठून बसायचा. नवरा म्हणाला, "मी धुतो ना, त्यात काय." ते ऐकून मामाच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं नव्हे, भीतीचं. माझा मुलगा, माझी मुलगी, ही भाचीची लेकरं, म्हणजे देवाचीही पिल्लं. ज्याने धुवायचं तो पुण्याला. एवढं भरलं घर, पण मामाच्या पायाला हात लावायला पात्र असा एकही माणूस त्यात नव्हता! पैसे देऊन एक माणूस ठेवून पाहिला. त्याच्याकडून मामाने मुकाट्याने धुऊन घेतलं. पण तो वरवर पाणी मारायचा, बेचक्यांपाशी आला की नाक मुरडून उठायचा, आणि मग त्याचं येणंच बंद झालं.

मी शक्कल काढली. मेडिकलमधून रबरी हातमोजे आणले. "हे पाहा," म्हटलं, "हात लागतच नाही. मधात रबर आहे."

मामाने मोजे हातात घेऊन उलटेसुलटे पाहिले. "अन् मन?" तो म्हणाला. "मनात रबर आहे काय?"

मला इतका संताप आला की मी ते मोजे खिडकीतून बाहेर फेकले आणि नंतर जाऊन उचलून आणले, कारण पैसे दिले होते. चिडून मी काय काय बोलले ते आठवतं. म्हटलं, मामीने धुतलं ते चाललं, परक्या माणसाने धुतलं ते चाललं, आणि मी काय वैरी आहे तुमची? तुमचा पाय सडला तर मी आईला काय सांगू? आई तोवर वारली होती, पण भांडणात मेलेली माणसं कामाला येतात. मामा एकच पालुपद लावून बसला होता. पाप लागते.

"लागू द्या!" मी ओरडले. "लागू द्या पाप! मी पाहून घेईन त्या पापाचं काय करायचं ते!"

मामाने माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मग त्याने चादर बाजूला केली.

"बरं. पण मंग मी तुह्या पाया पडन. रोज. धुणं झालं का लगेच."

मला वाटलं, जिंकले. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी बाई मी. एका म्हाताऱ्याला गप्प केलं यात नवल ते काय.

तेव्हापासून आमची सकाळ ठरून गेली. चहा झाला की घमेलं. कोमट पाणी, साबण, वरून खाली धुवायचं, कातडीच्या वळ्या बोटाने उघडायच्या, मग कापडाने टिपायचं, पुसायचं नाही, टिपायचं, मग बेचक्यांत मलम. वास यायचा. आता कोणी म्हणेल प्रेमाने केलं की वास येत नाही. असं म्हणणाऱ्याने एकदा येऊन बसावं. आणि हे सगळं झालं की मामा दाराची चौकट धरून उभा राहायचा, हळूहळू वाकायचा आणि माझ्या पायांना दोन्ही हात लावून ते कपाळाला न्यायचा. मी खांद्याला पर्स, हातात वह्यांची पिशवी घेऊन उभी. त्याला वाकायला वेळ लागायचा, उठायला त्याहून जास्त. चौकात एसटी हॉर्न वाजवायची.

"मामा, बस जाऊन राहिली माझी!"

"जाऊ दे. दुसरी येते."

दुसरी बस काय मुख्याध्यापकांना विचारून येणार होती? मी रोज उशिरा पोचायचे आणि रोज तेच ऐकायचे. त्या पाया पडण्याचा मला जेवढा राग होता तेवढा धुण्याचाही नव्हता. धुणं निदान काम तरी होतं. हे काय होतं? सत्तरीचा माणूस असल्या पायावर वाकतो आहे आणि मी देवीसारखी उभी. माझ्या टाचांना भेगा, साडीला खडूचे डाग, आणि पोटात भूक. देवीचं असं असेल तर मग सगळं कठीणच आहे.

पण ताप थांबले. हे मात्र मला सांगितलंच पाहिजे. पावसाळा गेला, थंडी गेली, ताप आला नाही. मामा काठी घेऊन चौकापर्यंत जाऊ लागला, तिथे पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'कोणती मासोळी घेतली?' असं विचारू लागला.

इथून लोकांचे प्रश्न सुरू झाले. काहून करता? कोणी म्हणालं पुण्य मिळेल. कोणी म्हणालं मागच्या जन्माचं देणं असेल. शाळेतल्या एक बाई म्हणाल्या, "तुमचं मन फारच मोठं." मन मोठं असतं तर त्यांच्या सोबत सहलीला गेले असते. सगळ्या शिक्षिका दोन दिवस पचमढीला जाऊन आल्या, फोटो दाखवले, मी फोटो पाहिले. "या न पुढच्या वेळेस," म्हणाल्या. पुढच्या वेळेस पाय कोणाच्या गळ्यात बांधून जाऊ?

मामेभाऊ दर रविवारी फोन करायचा. वाईट मुलगा नव्हता, हेच तर वाईट. वाईट असता तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. तो गोड आवाजात म्हणायचा, "ताई, तू आहेस म्हणून मी निश्चिंत आहे." त्याच्या या निश्चिंतीचा भार माझ्या गुडघ्यांवर पडत होता, पण हे फोनवर कसं सांगणार? एकदा त्याने पाय चोळून देणारं यंत्र कुरिअरने पाठवलं. दोन्ही पाय घालायला दोन खोबणी, आत गाद्या, वर बटणं. मामाचा डावा पाय त्या खोबणीत घोट्यापर्यंतही शिरला नाही. दिवाळीपर्यंत ते यंत्र कोपऱ्यात पडून होतं, मग मांजरीने त्यात पिल्लं घातली. मी त्याला कळवलं, "उपयोग होत आहे."

मग मी का करत होते? मी स्वतःलाही विचारलं, कारण चिडलेल्या माणसाला दुसरा उद्योग नसतो. माया होती, नाही कशी म्हणू. पण माया रोज सकाळी उठून घमेलं भरत नाही. मायेला एखाद्या दिवशी कंटाळा येतो. मला त्या बेचक्या दिसल्या होत्या, ही खरी गोष्ट. दवाखान्यात बाईंनी बोट बाजूला केलं आणि मी पाहिलं. ज्याने पाहिलं त्याची सुटका नाही. मामेभावाने पाहिलं नव्हतं म्हणून तो निश्चिंत होता. आणि दुसरं, मला हरायचं नव्हतं. त्या पायाशी माझं भांडण लागलं होतं. ताप न आलेला प्रत्येक दिवस मी त्याच्या नाकावर टिच्चून काढत होते. याला कोणी सेवा म्हणत असेल तर म्हणो बापडे.

अशी काही वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, नवरा निवृत्त झाला. मग एका उन्हाळ्यात मामाची कंबर धरली. आधी दोन दिवस, मग कायमची. उभा राहायचा, पण वाकता येईना. पहिल्या दिवशी चौकट धरून तो अर्ध्यात अडकला आणि मी व नवऱ्याने त्याला उचलून खाटेवर ठेवलं. मी मनात म्हटलं, चला, एक कटकट संपली. आता निदान बस तरी मिळेल.

दुसऱ्या सकाळी घमेलं घेऊन गेले तर मामाने पाय चादरीखाली ओढून घेतला.

"आज राहू दे."

"कायले?"

"राहू दे म्हटलं ना."

त्याच्या पुढच्या दिवशीही राहू दे. त्याच्याही पुढच्या. मी समजावलं, ओरडले, अबोला धरला. नवऱ्याने हात जोडले. मामा भिंतीकडे तोंड करून पडून. मी म्हटलं, "कंबर दुखते तर कंबर दुखते, पायानं काय केलं?" मला वाटलं म्हातारपणाचा हट्ट आहे, लहान पोरासारखा. आठवड्याच्या आत चादरीला वास येऊ लागला. मग एका दुपारी त्याला हुडहुडी भरली. इतक्या वर्षांनी खाट पुन्हा हलू लागली.

मी औषध दिलं, ताप थोडा उतरला, आणि मी ओसरीत येऊन रडले. दुःखाने नाही, रागाने. इतक्या सकाळी, इतक्या चुकलेल्या बसगाड्या, इतक्या सहली, सगळं पाण्यात. सगळं त्या म्हाताऱ्याने एका हट्टापायी घालवलं. पाय गेला तर माणूस जाणार, हे त्याला माहीत नव्हतं का? माहीत होतं. डॉक्टरीणबाई त्याच्यासमोरच बोलल्या होत्या.

त्याच संध्याकाळी नर्सिंग कॉलेजची एक मुलगी आली. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांना भेटून ती काही अभ्यास करत होती. वेळ आधीच ठरली होती, मी विसरले होते. मुलगी चुणचुणीत, गोंदियाकडची, बोलायला मोकळी. तिने मला विचारलं, "मॅडम, तुम्हाला हे करण्याची प्रेरणा काय?"

मी म्हटलं, "प्रेरणा? दुसरं कोणी नाही ही प्रेरणा." आणि चहा ठेवायला आत गेले. स्वयंपाकघर आणि मामाची खोली यांच्या मधे नुसती अर्धी भिंत. मुलगी उठून मामापाशी जाऊन बसली ते मला ऐकू आलं.

"बाबा, मॅडम एवढं काहून करतात तुमचं?"

"ते तिले विचारा," मामा म्हणाला. तापाने आवाज ओढला होता. "ते काहून करते ते मले नाही मालूम. मी काहून करू देतो, ते मले विचारा."

"मंग सांगा. काहून करू देता?"

"भाचीचा हात पायाले लागला का पाप लागते. मालूम आहे न तुले?"

"हाव, आमच्याकडं बी म्हणतात. पण बाबा, मॅडमले पाप लागते म्हणून तुम्ही—"

"तिले कायले लागन?" मामा जवळजवळ खेकसला. "ते भाची आहे. देवाले कुठं पाप लागते? पाप मले लागते. ज्यानं हात लावू देल्ला त्याले."

चहा उतू गेला. मी गॅस बंद केला नाही, तशीच उभी राहिले.

"रोज लागते," मामा सांगत होता. "रोज ते धुते, रोज मले लागते. पाया पडलो का थोडंसं उतरते, म्हणून पडत होतो. आता कंबर वाकत नाही. आता लागते ते लागते, उतरत काहीच नाही. जायाचे दिवस आले माहे. तिथं जाऊन काय सांगू?"

"मंग एवढे वर्ष कायले करू देल्लं, बाबा? आधीच नाही म्हणाले असते."

त्याला धाप लागली होती.

"म्हणलो होतो. पण तिले चैन पडत नाही न. माह्या बहिणीसारखीच आहे, जीव जाळून घेते. मी पाय देल्ला नसता तं शाळेत जाऊन पोरायले मारलं असतं तिनं. म्हटलं, लागू दे आपल्याले पाप, पोरीचा जीव तं थंड राहीन."

मुलीला मी चहा दिला की नाही, मला आठवत नाही. ती कधी गेली तेही आठवत नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि चिडायला समोर कोणीच सापडत नव्हतं. इतकी वर्षं मी समजत होते की भांडण मी जिंकलं. 'लागू द्या पाप' असं मी ओरडले होते, आणि त्या माणसाने माझ्याकडे पाहून ते मुकाट्याने स्वतःवर घेतलं होतं! मी धुते म्हणून मिरवत होते. तो माझ्यासाठी रोज नरकाच्या दिशेने एक पाऊल टाकत होता, आणि वरून माझ्या पाया पडत होता, आणि मी त्याच्यावर बससाठी ओरडत होते. पाप-पुण्यावर माझा विश्वास नाही. पण त्याचा होता. त्याला ते पाप साबणाच्या वडीइतकं खरं होतं.

सकाळी मी घमेलं भरलं आणि आत गेले. मामा भिंतीकडे तोंड करून. ताप होताच. मी घमेलं खाली ठेवलं, साडी थोडी वर खोचली आणि माझा उजवा पाय उचलून त्याच्या खाटेवर, त्याच्या हाताजवळ ठेवला. एका हाताने खिडकीचा गज धरला, कारण गुडघा बोंबलत होता. वर्गात एखादं पोर असं बाकावर पाय देऊन उभं राहिलं असतं तर मी दिली असती ठेवून.

"पडा पाया," मी म्हटलं. "वाकायचं काम नाही. जवळ आणला."

मामा वळला. आधी पायाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कसा वो पाय ठेवला मामाच्या खाटेवर," असं काहीतरी पुटपुटला. पण दोन्ही हात त्याने पायावर ठेवले, तापाने गरम झालेले हात, आणि पडल्या पडल्याच ते कपाळाला नेले. मग मी दुसरा पाय ठेवला. दोन्ही पायांचा नमस्कार होईस्तोवर मी त्या गजाला लटकून होते.

"पाप तुमाले लागते, हे मले पहिले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढलाच.

"सांगितलं असतं तं तू हात लावला असता काय?"

मी पाय खाली घेतला. नवरा दारात उभा होता, तो हळूच मागे सरकला.

"मी काही जीव-बीव जाळत नाही," मी म्हटलं. "मले फक्त राग येते."

"हाव. मालूम आहे."

मामाने स्वतःच चादर बाजूला केली आणि कसाबसा उठून बसत, मांडीखाली दोन्ही हात घालून तो जड, लाल, वास मारणारा पाय घमेल्यात सोडला. पाणी दोन्हीकडून सांडलं. मी साबण हातात घेऊन खाली बसले, पण मला समोरचं नीट दिसत नव्हतं.

"धू, माय," मामा म्हणाला. "धू. तुले बरं वाटन."